तिळोबाची तब्येत

परतूर,
३ एप्रिल २०२४

दाजी,
दुर्गाचा नमस्कार.

आधी कालच्या फोनचं. मी गळा ताणून सांगितलं, "आमची वाम पडली." तुम्ही ऐकलं, "मामी पडली." आन् अक्काला घेऊन, वर केळी घेऊन, अंबडला मामीच्या दारात जाऊन उभे राह्यलात. मामी गच्चीवर कुरडया घालून राह्यल्ती. आज सकाळी तिचा मला फोन, "दुर्गे, मला पाडायची तुला एवढी काय जल्दी झाली गं?" तेव्हा आता तुमच्याशी फोन बंद. कानाचं मशीन तुम्ही कानात कमी आन् उशाखाली जास्त ठेवता, हे अक्कानं सांगितलंय. तीर्थपुरीच्या एसटीचा कंडक्टर ओळखीचा आहे. त्याच्याजवळ ही चिठ्ठी देते, उत्तरही त्याच्याचजवळ द्या.

आता खरं काय झालं ते. माझी सून प्रांजली बाळंतपणाला माहेरी मालवणला गेलीये. तिची ती खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आमच्या मागच्या खोलीत आहे. तुम्ही मागं आल्ता तेव्हा दारातूनच पाह्यली आन् "बरंय" म्हणून चहाला बसलात. त्या टाकीत, दगडाच्या कपारीत, एक वाम राहती, सापासारख्या अंगाचा मासा. समुद्रातली. हातभर लांब, पांढरी, अंगावर काळे डाग, डागात पिवळे ठिपके, चांगली भाजलेली भाकरी दिसती तशी. वाम असली तरी प्रांजलीनं नाव तिळोबा ठेवलंय, म्हणून मीही 'तो' म्हणते.

उन्हानं टाकीतलं पाणी उडून जातं. ते भरायला मी झाकण काढलं, तेवढ्यात दारावर कुरियरवाला आला. परत येऊन पाहते तर तिळोबा खाली फरशीवर, आन् शेजारच्या पुष्पाबाईचा बोका त्याला पंजे मारून राह्यलाय. मी हातातला तांब्या भिरकावला. बोका गेला खिडकीतून. मंग मी पदर टाकीत बुडवला, तिळोबावर टाकला, गुंडाळून उचलला आन् सोडला पाण्यात. दाजी, अंगणात गांडूळ निघालं तरी ओरडणारी बाई मी. साडी दोनदा धुवून झाली.

त्याच्या कुशीवर दोन लांब ओरखडे पडलेत. डावा डोळाही धुरकट दिसतो. कपारीत गेलाय तो बाहेर येत न्हाई. प्रांजलीला सांगितलं न्हाई, तिचे दिवस भरत आलेत. हरिओम बियाण्याच्या कंपनीच्या कामाला तेलंगणात फिरून राह्यलाय. त्यालाही बोलले न्हाई, पोराच्या पोटात काही राहत न्हाई.

तुम्ही गालात हसायच्या आधीच सांगते. बाळ घरात यायच्या आधी ही टाकी घरातून गेली पाह्यजे, असं मीच सांगितल्तं. बाळंतिणीच्या घरात सापासारखं जनावर बरं न्हाई. प्रांजली "बरं आई" म्हणाली. मेमधी संभाजीनगरचा मासेवाला येऊन सगळं घेऊन जाणार आहे. जखमी वाम तो नेणार न्हाई. म्हणून तिळोबाला बरा करायचा आहे, बास. बाकी माया वगैरे बिलकुल न्हाई.

तुम्ही जन्मभर जनावरांचे डॉक्टर होता. काय लावू, ते लिहा.

दुर्गा

*

तीर्थपुरी,
५ एप्रिल

दुर्गाबाईंस राजानंदचा नमस्कार.

मामीची प्रकृती उत्तम आहे. केळी तिनं ठेवून घेतली.

आता तुमच्या पेशंटकडं वळू. नोकरीत मी बैल पाह्यले, म्हशी पाह्यल्या, शेळ्या तर मोजल्या न्हाईत. एकदा एक उंट पाह्यला, त्यानं मलाच पाहून घेतलं. वाम मी आजवर फक्त ताटात पाह्यली आहे, गोदावरीतली, आन् तिला त्या वेळी औषधाची गरज नव्हती. तरी विचारतो. खातो का? श्वास जोरात चाललाय का? जखमेतून रक्त येतं का? नुसत्या "धुरकट" आन् "लांब" वर मी औषध देत नसतो. तुम्ही शाळेत चित्रकलेत पहिल्या यायच्या असं तुमची अक्का सांगती. चित्र काढून पाठवा.

तोवर दोन गोष्टी. त्याला हळद-बिळद लावू नका. पाण्यातल्या जनावराच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तोच त्याचं कातडं राखतो. आन् बोट तोंडाजवळ नेऊ नका. साप न्हाई म्हणलं तरी दात असतात.

माया बिलकुल न्हाई, हे वाचून बरं वाटलं. चार पानांची चिठ्ठी बिनमायेची वाचायला मला चष्मा पुसावा लागला.

राजानंद

*

परतूर,
७ एप्रिल

दाजी,

तुमचं पत्र एक दिवस उशिरा आलं. हळद लावून झाल्ती.

लावली म्हणजे, चिमूटभर टाकीत टाकली. पाणी असं पिवळं झालं की हळदीच्या कार्यक्रमाला बसवल्यासारखा तिळोबा दिसून राह्यला. घाबरले. बाजूला प्रांजलीनं तयार खारं पाणी करून ठेवल्तं, मोठ्या ड्रममधी. टाकीतलं अर्धं पाणी काढून तेवढं त्यातलं घातलं. आता पाणी स्वच्छ आहे. अक्काला हे सांगू नका.

चित्र सोबत आहे. काढताना तो कपारीतून नुसतं डोकं बाहेर काढून बसल्ता, म्हणून बाकीचं अंग अंदाजानं काढलं. तोंड सारखं उघडतो-मिटतो. आधी वाटलं धापा टाकतो, पण प्रांजली एकदा म्हणल्ती की वामीचा श्वासच तसा असतो. रक्त न्हाई. ओरखड्यांच्या कडा मात्र पांढऱ्या होऊन राह्यल्यात, फुटलेल्या बोंडातून कापूस डोकावतो तशा. खायला कोळंबीचा तुकडा चिमट्यात धरून दिला. घेतला न्हाई.

कोळंबीबद्दल विचारू नका. अंड्याला हात न लावलेली बाई मी, आन् माझ्या फ्रीजमधी श्रीखंडाच्या डब्याशेजारी कोळंबीचा डबा आहे. सून गेल्यापासून मीच खाऊ घालते, तोंड दुसरीकडं करून.

उन्हाचं काय सांगू. दुपारी खोलीत भट्टी असती. कूलर मागच्या खोलीत नेलाय. पुष्पाबाई काल बसायला आल्ती. मी बैठकीत पुठ्ठ्यानं वारा घेऊन राह्यल्ते, आन् आतून कूलरचा आवाज. म्हणाली, "कोण पाव्हणं आलंय?" मी म्हणलं, "तुमच्या बोक्यानं जेवायला बोलावल्तं ते."

प्रांजली रोज संध्याकाळी व्हिडिओवर बोलती. "आई, तिळोबा दाखवा ना." मी म्हणते, झोपलाय. काल म्हणाली, "तीन दिवस झोपलाय?" मी म्हणलं, ऊन लई आहे, मीही झोपूनच असते.

जल्दी काही तरी लिहा.

दुर्गा

*

तीर्थपुरी,
१० एप्रिल

दुर्गाबाई,

चित्र मिळालं. मी दोरखंड म्हणलो, तुमची अक्का शेवग्याची शेंग म्हणाली. पण ओरखडे बराबर काढलेत, त्यावरून समजलं. जखमेत पू धरायला लागलाय.

मला यातलं येत न्हाई, ते कबूल. पण माझ्याबरोबर नोकरीला तातेराव होता ना, त्याची पोरगी शालू माशांची डॉक्टर आहे. तिला फोन केला. म्हणजे अक्कानं केला, मी शेजारी बसून प्रश्न विचारले. शालू हसली न्हाई, हे मला आवडलं. तिनं सांगितलेलं लिहितो, पत्र टाकीशेजारी ठेवा.

तिळोबाला मोठ्या टबमधी वेगळा ठेवायचा, त्याच टाकीच्या पाण्यात. टबात हवा सोडणारी नळी पाह्यजे. लपायला प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा टाका, अंग झाकलेलं असलं की जनावराचा जीव निम्मा शांत होतो. हातानं उचलायचं न्हाई, पाइपात शिरला की पाइपासकट उचलायचा. रोज थोडं पाणी काढून तेवढंच तयार खारं पाणी घालायचं. टबावर झाकण, त्यावर वजन. सोबत पुडी आहे, ती शालूनं सांगितल्याप्रमाणे पाण्यात. मोजायचा चमचाही दिलाय, तुमच्या हळदीच्या चिमटीनं मोजू नका. दुकानातली निळी औषधं, ज्यात तांबं असतं ती, चुकूनही न्हाई. याच्या अंगाला खवले नसतात, औषध सरळ आत जातं.

न खाण्याची काळजी करू नका. वाम कित्येक दिवस उपाशी राहू शकती. कोळंबी उरत असली तर कंडक्टरजवळ द्या, इथं चष्मा लावणारं एक जनावर रोज खातं.

हळदीचं अक्काला सांगितलं न्हाई. तिनं पत्र माझ्या आधी वाचल्तं.

राजानंद

ता. क. दुर्गे, मी बेबीनंदा. उन्हात तू पुठ्ठ्यानं वारा घेऊ नको, आमचा जुना टेबलफॅन पाठवते. — अक्का

*

परतूर,
७ मे

दाजी,

बरेच दिवस चिठ्ठी न्हाई, कारण लिहायला बरं काही नव्हतं. पू गेला. कातडी धरून राह्यलीये. पण डावा डोळा गेला, दाजी. पांढरा झाला, दुधाच्या थेंबासारखा. आन् तो खात न्हाई. पाइपात डोकं घालून पडून असतो. अंग बारीक झालं. शालूनं औषध थांबवून टाकीत परत सोडायला सांगितलं, तसा सोडला, तरी तेच.

परवा तर हातचाच गेल्ता. दुपारी वावटळ सुटली, गारा पडल्या, आन् आमच्या गल्लीतला खांबच आडवा झाला. लाइट गेली. इन्व्हर्टर थोडा वेळ चालला, मंग तोही बसला. पंप बंद. तिळोबा पाण्याच्या वरच्या अंगाला येऊन तोंड उघडून राह्यला. हे श्वास घेणं नव्हतं, हे मागणं होतं. मी तांब्यानं पाणी घेऊन वरून परत टाकीत ओतायला लागले, त्यानं हवा मिसळती असं मला वाटलं. हात भरून आला. नेमकी त्या दिवशी माझ्याकडं भिशी होती. बायका आल्या, नटून-थटून, नव्या साड्यात. पुष्पाबाई दारात थबकली. "हे काय करून राह्यल्या?" मी नुसतं टाकीकडं बोट केलं.

दाजी, तिनं माझ्या हातातला तांब्या घेतला. म्हणाली, "सरका. माझ्याच बोक्याचं देणं आहे." मंग पाळी लावली सगळ्यांनी. एक दमली की दुसरी. भिशी तशीच उघडली, टाकीशेजारी. चिवडा खाता खाता पाणी ओतणं. जिला साप म्हणलं की भोवळ येती ती चौधरीबाईसुद्धा ओतत होती, फक्त डोळे मिटून, त्यामुळं अर्धं पाणी माझ्या पायावर. दिवे लागायच्या वेळी लाइट आली. पंप सुरू झाला तशा सगळ्या टाळ्या वाजवून राह्यल्या. मला रडू आलं, मी म्हणलं डोळ्यात खारं पाणी गेलं.

मासेवाल्याचा फोन आल्ता, पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला.

प्रांजली आता "तिळोबा दाखवा" म्हणत न्हाई. काल तिनं विचारलंच न्हाई. मीही बोलले न्हाई. फोन ठेवल्यावर घर कसंतरीच वाटलं.

दुर्गा

*

तीर्थपुरी,
९ मे

दुर्गाबाई,

आज थट्टा न्हाई.

ज्याचं जनावर असतं त्याला न सांगता मी कधी औषध केलं न्हाई. बैल मरायला टेकला तरी मालकाला बोलावून, दाखवून, मंग सुई. कारण जनावर गेलं तर माणूस सोसतो, पण त्याच्यापासून लपवलं हे तो सोसत न्हाई. तुमच्या सुनेनं विचारणं बंद केलं, याचा अर्थ तिला वाटून राह्यलंय की तुम्ही ती वाम देऊन टाकली. तिला तसं वाटत असेल तर तिच्या जिवाला रोज किती लागत असेल, ते पाहा.

फोनवर जमत नसेल तर लिहा. लिहायला तुम्हाला चांगलं येतं, हे मी आता जाणतो.

राजानंद

*

मालवण,
८ मे

ती. आईंना,
सा. न.

हे फोनवर बोलायला गेले की माझा आवाज बदलतो, आणि मग तुम्ही "पाणी पी, पाय वर घे" म्हणता. म्हणून लिहिते. स्पीड पोस्टने टाकतेय.

आई, तिळोबा दिला असेल तर दिला म्हणून सांगा. मी रागावणार नाही. तसं ठरलंच होतं आपलं, आणि मी हो म्हटलं होतं. फक्त "झोपलाय" असं नका म्हणू. तुम्ही खोटं बोलायला लागलात की तुमचा उजवा हात कानातल्याकडे जातो, ते व्हिडिओत सगळं दिसतं.

मी लग्नाआधी ज्या शोभेच्या माशांच्या दुकानात काम करत होते, तिथे तो इतका लहान आला होता की ओंजळीत मावायचा. सगळे त्याला घाबरायचे, कारण तोंड उघडून बघतो. तो चावायला नाही बघत, त्याला नीट दिसतच नाही. वासावर चालतो बिचारा. मला त्याची दया आली, म्हणून आणला. परतूरला मला पहिले काही महिने झोप यायची नाही. तुम्हाला मी हे कधी सांगितलं नाही. पंपाचा आवाज असला की यायची.

बाबा म्हणतात दुसरा आणून देतो. मला दुसरा नको. आणि तुमचं मन दुखवूनही काही नको.

पोट आता इतकं मोठं झालंय की चष्मा खाली पडला तर दुसऱ्या दिवशीपर्यंत तिथेच राहतो. काळजी करू नका.

तुमची,
प्रांजली

*

परतूर,
११ मे

चि. प्रांजलीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आन् तीर्थपुरीच्या दाजींचं पत्र एकाच दिवशी हातात पडलं. दोघांनी मिळून कान धरला. आता कानातलं काढून ठेवून लिहायला बसलेय.

तिळोबा घरी आहे. दिलेला न्हाई. पण तो बराही न्हाई, ते सांगते, बसून वाच.

एप्रिलच्या सुरुवातीला झाकण माझ्या हातून नीट लागलं न्हाई. तो खाली पडला आन् बोक्यानं त्याला ओरबाडलं. कुशीवर दोन जखमा झाल्त्या, त्या भरल्या. डावा डोळा गेला. दाजींनी माशांच्या डॉक्टरीणबाईला विचारून औषध पाठवलं, ते मी मोजून दिलं. एकदा हळद टाकली, ते तू मला भेटल्यावर बोल. आता तो आपल्या जुन्या कपारीत आहे, पण खात न्हाई. कोळंबी चिमट्यात धरून मी रोज उभी राहते. आता तोंड दुसरीकडं करत न्हाई, कारण तोंड फिरवलं तर त्यानं खाल्लं की न्हाई ते कळत न्हाई.

तुला सांगितलं न्हाई, कारण तुझ्या जिवाला घोर नको म्हणून. निदान मी स्वतःला तसं सांगत होते. खरं म्हणजे तू म्हणशील, आईंना तो नकोच होता, हे मला ऐकायचं नव्हतं.

पोरी, तुला झोप येत नव्हती हे मला ठाऊक नव्हतं. मी सकाळी तुझ्या खोलीच्या दारावरून जायचे तेव्हा वाटायचं, कोकणातली पोरगी, उशिरा उठायची सवय असेल. तशी मी पुष्पाबाईजवळ बोललेही.

त्याला कशानं भूक लागेल, ते तू सांग. बाकी कोणाला विचारून उपयोग न्हाई, तो तुझा आहे. आन् चष्मा पडला की आईला हाक मार, वाकू नको.

तुझी,
आई

*

परतूर,
१९ मे

दाजी,

उजव्या हातानं लिहितेय आन् डाव्या हाताला लसणाचा वास येऊन राह्यलाय, कितीही धुतला तरी.

माझं पत्र पोचलं त्याच दिवशी प्रांजलीचा फोन आला. आधी रडली. मंग हळदीवर हसली. मंग एकदम डॉक्टरीण होऊन म्हणाली, "आई, कोळंबी लसणाच्या रसात भिजवा. उजव्या बाजूने, नाकाजवळ न्या. हलवा हळूहळू, जिवंत असल्यासारखी. आणि त्याच्याशी बोला, त्याला ऐकू येत नाही, पण तुमचा हात थरथरायचा थांबेल." तसं केलं. फोन टाकीला टेकवून ठेवला. ती तिकडून पाहून राह्यली, मी इकडं चिमटा हलवून राह्यले आन् "घे रे बाबा, घे" म्हणून राह्यले. तिळोबानं डोकं काढलं. वास घेतला. आत गेला. मंग एकदम आला आन् तुकडा असा ओढला की चिमटाच पाण्यात! तिकडं प्रांजलीच्या ओरडण्यानं तिची आई धावत आली. तिला वाटलं, कळा सुरू झाल्या.

कळा काल सुरू झाल्या. दाजी, आज पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप. अक्काला आधी सांगा, मंग पेढे मागा.

संभाजीनगरवाला शुक्रवारी आल्ता. रिकामे डबे, जाळी, सगळं घेऊन. मी त्याला चहा दिला, खारी बुंदी दिली आन् म्हणलं, "तुमची फेरी फुकट गेली, वाईट वाटतं. पण न्हाई द्यायचा." तो म्हणाला, "ताई, एका डोळ्याचा आहे, तसाही कोण घेईल." मला असा राग आला! म्हणलं, "घेईल कोण म्हणजे? माझ्या घरचा आहे तो." जाताना त्यानं चांगल्या झाकणाचं माप मात्र सांगितलं, ते लगेच करून घेतलं.

हरिओम येऊन मला मालवणला घेऊन चाललाय. तिळोबाजवळ कोण? मी अक्काला विचारलं, ती म्हणाली तुम्ही सकाळपासून पिशवी भरून बसलात. तेव्हा जल्दी या. चिमटा फ्रीजवर आहे.

दुर्गा

*

परतूर,
२४ मे

दुर्गाबाई,

तुमच्या बैठकीत, तुमच्या कूलरसमोर, तुमच्या अक्काचा चहा पिऊन लिहितो. टाकी बैठकीत कधी आणली? आल्या-आल्या मी सोफ्यावर टेकलो आन् कानाशी एक तोंड उघडं. पाव्हण्यांचा असा पाहुणचार मी कुठं पाह्यला न्हाई.

पेशंट तपासला. कुशीवरच्या रेषा भरून आल्यात, वरून रंगही धरतोय. एवढी स्वच्छ भरलेली जखम मी माझ्या दवाखान्यातही फार पाह्यली न्हाई. हे मी थट्टेत लिहीत न्हाई.

खाणं मात्र कठीण. पहिल्या दिवशी मी चिमटा नेला, त्यानं तोंड फिरवलं. मी "घे रे बाबा" म्हणलो, तरी न्हाई. शेवटी तुमच्या अक्कानं खुंटीवरची तुमची जुनी साडी खांद्यावर टाकली आन् चिमटा धरला. त्याला दिसत न्हाई, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही गप बसा." खाल्लं त्यानं. आता शास्त्र काय आन् काय न्हाई, यावर मी बोलायचं सोडलं.

नातीला आमचा आशीर्वाद. तिकडं समुद्र आहे म्हणतात. पाहून या.

राजानंद

*

मालवण,
३० मे

दाजी, अक्का,
दुर्गाचा नमस्कार.

पोरगी काळीसावळी, नाकेली, हरिओमवर गेलीये. तोंड उघडून पाहती तेव्हा कोणासारखी दिसती ते मी इथं कोणाला बोलले न्हाई, पण प्रांजलीच्या मनातही तेच आलं. आम्ही दोघी एकमेकीकडं पाहून जे हसायला लागलो ते विहीणबाईंना कळेचना.

मी दवाखान्यातल्या खोलीत शिरले तेव्हा प्रांजलीनं नमस्कारही केला न्हाई. पहिलं वाक्य, "आई, कोणाजवळ ठेवून आलात?" मी म्हणलं, "दाजींजवळ." म्हणाली, "त्यांना ऐकू येत नाही, आणि तिळोबाला दिसत नाही." हसून हसून टाके दुखायला लागले तिचे, मला नर्सबाई रागावली.

आज सकाळी विहीणबाई मला समुद्रावर घेऊन गेल्या. घर जवळच आहे. एकसष्ट वर्षं झाली, दाजी, कधी पाह्यला नव्हता. टीव्हीत दिसतो तो पुढून दिसतो. हा तर डाव्या अंगालाही होता, उजव्या अंगालाही, आन् संपायचं नावच न्हाई. विहीणबाई म्हणाल्या, पाय बुडवा. मी साडी वर धरून घोट्याएवढ्या पाण्यात गेले. लाट आली ती काही वाटली न्हाई, पण जाताना तिनं पायाखालची वाळूच ओढून नेली. मी उभी होते ती जागाच सरकली. मी विहीणबाईंचा हात असा धरला की त्यांच्या बांगड्या रुतल्या. सोडलाच न्हाई घरी येईपर्यंत.

हे मी प्रांजलीला सांगितलं. मला वाटलं हसेल. ती हसली. बाळाला थोपटता थोपटता म्हणाली, "आई, मी परतूरला आले तेव्हा मलाही अगदी असंच झालं होतं. एवढी जमीन मी कधी बघितली नव्हती. गच्चीवर गेले की नुसती शेतं, शेतं, कुठे संपतच नाही. घाबरले होते मी."

मी म्हणलं, "मंग तू कोणाचा हात धरला गं?"

बाळ तिच्या उजव्या कुशीत होतं. डावा हात चादरीवर मोकळा होता, तो मी धरला.

दुर्गा